एमी लायनची सही

६ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या मॅरिलेबोन चर्चमध्ये एक लग्न लागलं. नवरा सर विल्यम हॅमिल्टन, वय ६०, नेपल्सच्या दरबारातला इंग्लंडचा वकील. नवरी २६ वर्षांची. तिचा चेहरा चित्रकारांनी इतक्या वेळा रंगवला होता की तिला कधीही न भेटलेले लोकसुद्धा तिला ओळखत. सगळे तिला एमा हार्ट म्हणायचे. पण विधी आटोपून नोंदवही समोर आली तेव्हा तिनं सही केली ती 'एमी लायन' अशी. ते एका लोहाराच्या मुलीचं नाव होतं. चर्चबाहेर पडली ती लेडी हॅमिल्टन.

ही सही नुसता उपचार नव्हती. १७५३ पर्यंत इंग्लंडात लग्न उरकून टाकणं फार सोपं होतं. फेब्रुवारी १७५२ मध्ये ड्यूक ऑफ हॅमिल्टननं, म्हणजे या विल्यमच्याच भाऊबंदांपैकी एकानं, एलिझाबेथ गनिंग नावाच्या आयरिश सुंदरीशी मेफेअरच्या एका चॅपेलमध्ये मध्यरात्री लग्न केलं. अंगठी नव्हती म्हणून पलंगाच्या पडद्याची कडी बोटात घातली, ही गोष्ट लंडनभर झाली. एलिझाबेथ आणि तिची बहीण मारिया यांना पाहायला रस्त्यात गर्दी व्हायची. त्यांच्या घरी पैशांची चणचण होती, पण घराणं जमीनदारांचं होतं. पुढच्याच वर्षी पार्लमेंटनं कायदा करून अशी चोरटी लग्नं बंद केली. आता चर्चमध्ये रीतसर पुकारा किंवा परवाना हवा, साक्षीदार हवेत, आणि वधूवरांची नोंद व सही हवी. एमाच्या पाठीशी घराणं नव्हतं आणि वापरातलं नाव उसनं होतं. उद्या कुणी या लग्नाकडे बोट दाखवू नये, तर वहीत खरं नाव येणंच बरं होतं.

ते खरं नाव चेशर परगण्यातल्या नेस या गावचं. कोळशाच्या खाणीजवळची ही छोटी वस्ती. एप्रिल १७६५ मध्ये ती तिथे जन्मली आणि मे महिन्यात तिचा बाप्तिस्मा झाला. बाप हेन्री लायन लोहारकाम करायचा. मुलगी जेमतेम दोन महिन्यांची असताना तो वारला. आई मेरी किड लेकीला घेऊन माहेरी, वेल्समधल्या हार्डन गावी परतली आणि मुलीला आजीनं, सेरा किडनं वाढवलं. शाळा अशी नाहीच. बारा-तेराव्या वर्षी ती गावातल्या एका शल्यवैद्याच्या घरी कामाला लागली, आणि तिथून लवकरच लंडनला गेली. लंडनच्या घरांमध्ये मोलकरणीला तेव्हा वर्षाकाठी सहा-आठ पौंड मिळत, शिवाय जेवण आणि निजायला जागा. गावाकडून आलेल्या पोरीला नोकरी टिकली तर एवढंच, आणि सुटली तर रस्ता. ज्या शहरात श्रीमंत पुरुषांच्या मौजेसाठी अशा मुली ठेवण्याची पद्धत उघड उघड चालत होती, तिथे देखण्या मुलीची नोकरी सुटायला फार कारण लागत नसे.

१६ वर्षांची असताना ती ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या वाड्यावर पोचली. वाड्याचा मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ हा तरुण, पैसेवाला आणि शिकारीचा शौकीन. काही महिन्यांत तिला दिवस गेले आणि हॅरीनं तिला घराबाहेर काढलं. जानेवारी १७८२ मध्ये तिनं हॅरीच्या ओळखीच्या एका माणसाला पत्र लिहिलं. ते आजही शिल्लक आहे. जशी बोलायची तशीच अक्षरं कागदावर उतरलेली, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. हॅरीला सात पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही, हातात दमडी नाही, आता मी काय करू, असं त्यात ती पुन्हा पुन्हा विचारते. तिच्या आयुष्याबद्दल पुढे कुणी कितीही रसभरीत लिहिलं तरी आधी हे पत्र वाचायला हवं. ते लिहिणारी मुलगी सतरा वर्षांचीही नव्हती.

पत्र गेलं चार्ल्स ग्रेव्हिलकडे. हा वॉरिकच्या अर्लचा धाकटा मुलगा. नाव मोठं, उत्पन्न बेताचं. त्याला खनिजं जमवायचा नाद होता आणि त्याचा संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमनं विकत घेतला. त्यानं एमाला आसरा दिला, पण अटी घालून. हॅरीशी संबंध तोडायचा, जुन्या ओळखी तोडायच्या, जवळ राहील ती फक्त आई. आणि जन्माला येणारं मूल दूर पाठवायचं. मुलगी झाली, तिचंही नाव एमा. ती आधी हार्डनला पणजीकडे वाढली, नंतर एका कुटुंबाकडे पैसे भरून ठेवली गेली. इतकं झाल्यावर पॅडिंग्टनच्या एजवेअर रो इथल्या घरात (पॅडिंग्टन तेव्हा लंडनबाहेरचं हिरवं गाव होतं) 'मिसेस एमा हार्ट' राहू लागली. आईही सोबत होती, तीही आता मिसेस कॅडोगन या नावानं.

या घरातला तिचा जमाखर्च उरला आहे. पाव, लोणी, चहा, लाकूडफाटा, हातमोजे, घोडागाडीचं भाडं, पत्रांचा हशील, आणि या सगळ्यांत एका गरीब माणसाला दिलेली अर्धी पेनी. ग्रेव्हिल प्रत्येक पैशाचा हिशेब मागणारा, म्हणून ही दानाची अर्धी पेनीही लिहावी लागली. याच काळात ती गाणं शिकली, लिहायला-वाचायला सुधारली, चार माणसांत आवाज न चढवता बोलायला शिकली. एकदा ग्रेव्हिल तिला रॅनले बागेत घेऊन गेला आणि लोकांच्या टाळ्यांनी हुरळून ती सगळ्यांसमोर गाऊ लागली, अशी हकीकत आहे. ग्रेव्हिल संतापला. घरी येऊन तिनं भारी कपडे उतरवले, साधा झगा घातला आणि म्हणाली, आता हाकलून द्या नाहीतर माफ करा.

ग्रेव्हिलनंच तिला जॉर्ज रॉमनीकडे नेलं. रॉमनी हा सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला आणि तेव्हाच्या नामवंत रेनल्ड्सच्या तोडीचा मानला जाणारा चित्रकार. कॅव्हेंडिश स्क्वेअरमधल्या त्याच्या चित्रशाळेत उमरावांची रीघ असे. त्याच्या भेटींच्या वह्यांमध्ये एमाच्या शंभराहून जास्त बैठका नोंदल्या आहेत. त्यानं तिला कुत्रा छातीशी धरलेली 'निसर्गदेवी' म्हणून रंगवलं, चेटकीण सर्सी म्हणून रंगवलं, सूतकताई करणारी बाई म्हणून, मद्यदेवाची भक्तीण म्हणून, कॅसांड्रा म्हणून. बाकीच्या स्त्रिया चित्रासाठी बसत त्या स्वतःचं रूप टिपून घ्यायला. एमा बसे ती दुसरं कुणीतरी होण्यासाठी. मान किती कलली की दुःख दिसतं आणि किती कलली की लाज, हे तिला रॉमनीच्या समोरच्या त्या तासांनी शिकवलं. तिचं सौंदर्य जन्मजात होतं, पण हे कसब मेहनतीचं होतं, आणि पुढच्या काळात लोकांनी या दोहोंची गल्लत केली.

तिची कीर्ती पसरली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. रंगीत तैलचित्र एकाच घरात टांगलं जातं. पण लंडनमध्ये चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे काढण्याचा धंदा तेव्हा भरात होता. छापे विकणाऱ्या दुकानांच्या काचेत नवी चित्रं लागली की रस्त्यावरचा माणूसही थबकून पाही. विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही चेहरा फुकट पाहायला मिळे. शिवाय रॉमनीसारख्याच्या चित्रशाळेत गिऱ्हाइकं नुसती हिंडायला येत. म्हणजे एखाद्या मुलीला कुठल्याही हवेलीचं दार उघडलेलं नसताना तिचा चेहरा मात्र हवेलीच्या दिवाणखान्यात जाऊन बसू शकत होता. एमाचं तेच झालं.

१७८५ च्या सुमारास ग्रेव्हिलला पैशांची निकड भासू लागली आणि श्रीमंत घरातली मुलगी पाहायची ठरली. एमा आता अडचणीची होती. त्याचा मामा विल्यम हॅमिल्टन नेपल्सला होता, १७८२ पासून विधुर, निपुत्रिक, आणि ग्रेव्हिल त्याचा वारस. मामानं पुन्हा लग्न केलं तर वारसा जाईल, ही भीतीही होतीच. भाच्यानं दोन्ही अडचणींवर एकच तोडगा काढला. त्यानं एमाला मामाकडे द्यायचं ठरवलं. मामा-भाच्यामधली ती पत्रं वाचताना आजही अंगावर काटा येतो. दोघेही संग्राहक, दोघेही जाणकार, आणि एखाद्या घोडीचे नाहीतर फुलदाणीचे गुण सांगावेत तसे तिचा स्वभाव, तिची स्वच्छता, तिचा खर्च यांची चर्चा चाललेली. तिला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. गाणं शिकायला चार-सहा महिने नेपल्सला जा, मी मागोमाग येतोच, असं ग्रेव्हिलनं सांगितलं. आईला घेऊन ती निघाली आणि २६ एप्रिल १७८६ ला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, नेपल्सला पोचली.

ग्रेव्हिल आलाच नाही. महिनोन्‌महिने ती पत्रं लिहीत राहिली. शेवटी उत्तर आलं ते असं की, मामाशी जुळवून घे. १ ऑगस्टच्या पत्रात तिचा संताप कागदावर ओसंडतो. तू समोर असतास तर तुझा आणि माझा जीव घेतला असता, असं ती लिहिते. आणि त्याच पत्रात एक बजावणीही आहे: माझा अपमान केलास तर मी त्यांना माझ्याशी लग्नच करायला लावीन. ग्रेव्हिलनं हे रागाच्या भरातलं बोलणं समजून सोडून दिलं असणार. पाच वर्षांनी मॅरिलेबोनच्या वहीत सही झाली.

हॅमिल्टन हा चांगला माणूस होता, हेही सांगायला हवं. १७६४ पासून तो नेपल्सला होता. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर तो कितीतरी वेळा चढला, त्याच्या उद्रेकांवर सचित्र ग्रंथ काढला. प्राचीन ग्रीक मातीच्या कलशांचा त्याचा पहिला संग्रह १७७२ साली ब्रिटिश म्युझियमनं ८४०० पौंडांना घेतला. त्यानं एमावर जबरदस्ती केली नाही, शिक्षक ठेवले. इटालियन, फ्रेंच, गाणं, चित्रकला. इटालियन ती इतक्या झपाट्यानं शिकली की वर्षभरात दरबारातल्या लोकांशी गप्पा मारू लागली. त्याच्या पलात्सो सेस्सा या वाड्याच्या खिडकीतून समुद्र आणि धुमसता डोंगर दिसे. त्याच वाड्यात त्या दोघांनी मिळून एक नवी कला घडवली.

तिला 'अ‍ॅटिट्यूड्स' म्हणत. आपण आविर्भाव म्हणू. प्रेक्षक म्हणजे वाड्यावर आलेले पाहुणे. एमा पांढऱ्या सैलसर ग्रीक धाटणीच्या पोशाखात, केस मोकळे, कमरेला पट्टा. हाताशी दोन-तीन काश्मिरी शाली, एक कलश, एक धूपदान, एक डफ. बस्स. शाल डोक्यावरून घेतली की ती शोक करणारी विधवा, खांद्यावरून मागे उडवली की नाचणारी यक्षिणी. प्रत्येक आविर्भावात ती पुतळ्यासारखी काही क्षण थिजायची आणि प्रेक्षकांनी तो कुठल्या कथेतला, कुठल्या मूर्तीवरचा ते ओळखायचं. मार्च १७८७ मध्ये जर्मन महाकवी गटे यानं हे पाहिलं आणि भारावून लिहून ठेवलं. म्हातारा हॅमिल्टन दिवा धरून उभा असतो, हेही त्यानं टिपलं. त्या शाली काश्मीरच्या विणकरांनी विणलेल्या होत्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोपभर बायका घट्ट कमरेचे झगे टाकून पांढरी मलमल आणि खांद्यावर शाल घेऊ लागल्या, त्या वाऱ्याची एक झुळूक नेपल्समधल्या या दिवाणखान्यातून आली होती. मलमलही बहुतेक हिंदुस्थानातूनच जायची.

या खेळाचं सगळ्यांत जिवंत वर्णन अदेल द ब्वान्य या फ्रेंच उमराव स्त्रीनं आपल्या आठवणींत केलं आहे. राज्यक्रांतीमुळे तिचं कुटुंब नेपल्सला आलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. एमानं तिला एकदा खेळात घेतलं, कलशासमोर गुडघ्यांवर बसवलं, हात जोडायला लावले. एमा तिच्यावर शोकानं वाकली. दोघींचे केस विस्कटलेले. मग एकाएकी एमा ताठ उभी राहिली, मागे सरली आणि पोरीचे केस धरून तिनं असा हिसका दिला की पोर भेदरून वळली. पाहते तर एमाच्या हातात खंजीर! प्रेक्षकांनी ओळखलं की ही पोटच्या मुलांना मारणारी मीडिया. टाळ्यांचा कडकडाट थांबायच्या आत एमानं मुलीला ओढून छातीशी घेतलं, तिला आपल्या अंगानं झाकलं आणि मान वर करून आकाशाकडे पाहिलं. पुन्हा ओळखलं सगळ्यांनी: देवांनी जिची मुलं बाणांनी मारली ती नायोबी, शेवटचं लेकरू वाचवणारी. मारणारी आई आणि वाचवणारी आई, मधे एक श्वास. ज्या बाईची स्वतःची मुलगी कुणा परक्याच्या घरी वाढत होती, तिनं हे दोन आविर्भाव एकाला एक जोडले होते.

या कलेचं मोल तेव्हाच्या जाणत्यांना कळलं होतं. १७९४ साली रेबर्ग या जर्मन चित्रकाराच्या रेखाटनांचा छापील संच निघाला, तो पाहून ठिकठिकाणच्या स्त्रिया हे आविर्भाव करू लागल्या. डेन्मार्कची इडा ब्रून आणि जर्मनीची हेन्रिएटे हेंडेल-श्यूट्झ यांनी पुढे त्यात नाव कमावलं. इंग्रज उमरावांना मात्र एमानं तोंड उघडलं की हसू यायचं. एकदा ती कलशाला टेकून जलदेवता झाली होती. मधेच आपल्या गावच्या उच्चारात ती नवऱ्याला म्हणाली, घाबरू नका, तुमचं भांडं मी फोडत नाही. लेडी हॉलंडनं हे रोजनिशीत खोचकपणे टिपलं. त्या वाक्यात टिंगल करण्यासारखं काही नाही. त्या दालनात त्या भांड्याची किंमत घरकाम केलेल्या बाईइतकी कुणाला कळणार होती?

लग्न झालं तरी इंग्लंडच्या राणीनं, शार्लटनं, तिला दरबारात घेतलं नाही. लेखक होरेस वॉलपोलनं तर हॅमिल्टननं आपल्या पुतळ्यांच्या दालनाशीच लग्न लावलं, असा शेरा मारला. नेपल्सची राणी मारिया कॅरोलिना मात्र वेगळी निघाली. ती फ्रान्सच्या मारी अँत्वानेतची सख्खी बहीण. ऑक्टोबर १७९३ मध्ये बहिणीचं मुंडकं उडवल्यावर तिचा फ्रान्सवरचा राग पराकोटीला गेला आणि इंग्लंडच्या आरमाराशिवाय तिला आधार उरला नाही. इंग्लंडच्या वकिलाची बायको, जिला इटालियन घरच्यासारखं येतं, ती राणीची जिवाभावाची मैत्रीण झाली. राणीकडून आलेले कागद एमाच्या हातून हॅमिल्टनकडे आणि तिथून लंडनला जात. काही वर्षांपूर्वी पाव-लोण्याचा हिशेब लिहिणारा तो हात आता राजकारणाच्या पत्रांच्या नकला करत होता.

मग इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन आला. १७९३ मध्ये तो थोडे दिवस येऊन गेला होता, पण १ ऑगस्ट १७९८ ला नाईलच्या मुखाशी त्यानं नेपोलियनचं आरमार बुडवलं आणि २२ सप्टेंबरला तो नेपल्सला परतला तेव्हा अख्खं शहर बंदरात लोटलं होतं. उजवा हात गेलेला, उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली, कपाळावर ताजी जखम. या विजयाशी आपलाही संबंध आहे. नेपोलियन इजिप्तमार्गे हिंदुस्थानकडे वळेल ही इंग्रजांची धास्ती होती, म्हणून नेल्सननं लढाई संपताच एका लेफ्टनंटला खुश्कीच्या वाटेनं थेट मुंबईला धाडलं, आणि ईस्ट इंडिया कंपनीनं नेल्सनला १०,००० पौंडांचं बक्षीस दिलं. एमानं आजारी नेल्सनची शुश्रूषा केली, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला वाड्यावर शेकडो पाहुण्यांची मेजवानी घातली. म्हातारा हॅमिल्टन दोघांचा स्नेह पाहत होता आणि नेल्सनवर त्याचाही जीव होता. तिघं एकत्र राहू लागले.

डिसेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य चालून आलं आणि राजघराण्याला नेल्सनच्या जहाजावरून पालेर्मोला पळावं लागलं. राजवाड्यातला खजिना गुपचूप हलवण्यात एमाचा मोठा वाटा होता. वाटेत असं वादळ झालं की राजाचे नोकरचाकरही गर्भगळीत होऊन पडले. एमा मात्र उभी होती, राजघराण्यातल्या मुलांना सांभाळत, स्वतःचं अंथरूण-पांघरूण वाटत. सहा वर्षांचा राजपुत्र कार्लो अल्बर्टो नाताळच्या दिवशी तिच्या मांडीवर गेला.

फ्रेंचांच्या आधारानं नेपल्समध्ये प्रजासत्ताक उभारणाऱ्यांचा पुढच्या उन्हाळ्यात, राजाची सत्ता परतल्यावर, जो सूड घेतला गेला, त्यात नेल्सनचे हात माखले. शरणागतीचा करार झुगारला गेला, प्रजासत्ताकाच्या बाजूच्या ॲडमिरल काराच्चोलोला फाशी दिली, पुढे कितीतरी विद्वान आणि लेखक फासावर गेले. एमा त्या वेळी नेल्सनच्या जहाजावर दुभाषाचं काम करत होती आणि राणीची बाजू मांडत होती. तिच्यावर प्रेम असणाऱ्यांनीही हे झाकू नये.

१८०० मध्ये हॅमिल्टनची नेमणूक संपली आणि तिघं व्हिएन्नामार्गे इंग्लंडला निघाले. आयझेनश्टाटला त्यांना वृद्ध संगीतकार हायडन भेटला. एमानं त्याच्याच रचना त्याला गाऊन दाखवल्या. नोव्हेंबरात यारमथ बंदरावर लोकांनी नेल्सनच्या नावाचा जयघोष केला. लंडननं मात्र एमाचं स्वागत केलं ते व्यंगचित्रांनी. फेब्रुवारी १८०१ मध्ये व्यंगचित्रकार गिलरेनं तिला अवाढव्य देहाची, रात्रीच्या पोशाखात खिडकीशी रडणारी डायडो केली, म्हणजे प्रियकर समुद्रावर निघून गेलेली पुराणकथेतली राणी. बाहेर आरमार निघालंय, मागे पलंगावर नवरा घोरतोय, जमिनीवर आविर्भावांचं पुस्तक पडलंय. ज्या दुकानांच्या काचांनी तिचा चेहरा घरोघर नेला होता, त्याच काचांत आता हे लागलं.

ती जाड का दिसत होती, याचं कारण गिलरेला ठाऊक नसावं. जानेवारीच्या अखेरीस तिला मुलगी झाली होती, नेल्सनची. नाव होरेशिया. काही दिवसांतच पोर मॅरिलेबोनमध्येच राहणाऱ्या एका दाईकडे गुपचूप पोचवली गेली. समुद्रावरून नेल्सन पत्रं लिही ती 'थॉमसन' नावाच्या खलाशाच्या तोंडून, जणू त्याच्या जहाजावरचा तो थॉमसन आपल्या बायकोची आणि बाळाची चौकशी करतो आहे. ही सोंगं करायला लावणारा कायदा आणि समाज दोघांनाही तोडता आला नाही. नेल्सनची बायको फॅनी जिवंत होती, हॅमिल्टन जिवंत होता. मे १८०३ मध्ये मुलीचा बाप्तिस्मा झाला तो मॅरिलेबोनलाच, आईनं एमी लायन म्हणून सही केली त्याच चर्चमध्ये. नोंदीत नाव 'होरेशिया नेल्सन थॉमसन', जन्मतारीख खोटी. तेव्हा हॅमिल्टनला जाऊन महिनाच झाला होता. एमाच्या मिठीत, नेल्सनचा हात हातात असताना त्यानं प्राण सोडला.

सरेतल्या मर्टन इथं नेल्सननं १८०१ मध्ये घर घेतलं होतं. एमानं ते सजवलं, ओढ्यावर पूल बांधला, कोंबड्या पाळल्या. तिच्या आयुष्यात एवढंच एक घर स्वतःचं म्हणावं असं. १३ सप्टेंबर १८०५ च्या रात्री नेल्सन तिथून निघाला तो परतला नाही. २१ ऑक्टोबरला ट्रफॅल्गारच्या लढाईत तो मारला गेला. लढाईआधी त्यानं मृत्युपत्राला पुरवणी जोडली. लेडी हॅमिल्टनला मी राजाच्या आणि देशाच्या स्वाधीन करतो, तिनं देशासाठी जे केलं त्याची कदर व्हावी, असं लिहून दोन कप्तानांच्या साक्षी घेतल्या. नाईलच्या लढाईआधी सिसिलीत आरमाराला पाणी आणि शिधा मिळाला तो तिच्यामुळे, असं त्याचं म्हणणं होतं.

देशानं काय केलं? नेल्सनचा भाऊ, गावचा पाद्री विल्यम नेल्सन, अर्ल झाला आणि त्याला वर्षाला ५००० पौंड वंशपरंपरेनं मिळाले. विधवा फॅनीला वर्षाला २००० पौंड. एमाला सरकारकडून एक पैसाही नाही. ९ जानेवारी १८०६ ला सेंट पॉल्समध्ये झालेल्या अंत्यविधीलाही तिला बोलावणं नव्हतं.

हॅमिल्टननं ठेवलेलं ८०० पौंडांचं वर्षासन होतं, नेल्सननं घर आणि आणखी ५०० पौंडांची तजवीज केली होती. काटकसरीनं राहिली असती तर निभलं असतं, हेही खरं. पण नेल्सनचे पैसे वेळेवर येत नसत, आणि एमाचा हात सैल होता. आल्यागेल्याला जेवू घालणं, नातलगांना पैसे देणं, नेल्सनच्या नावाला साजेसं मर्टन ठेवणं यात कर्ज फुगत गेलं. एजवेअर रोच्या वहीत अर्धी पेनी लिहून ठेवणारी ती आता हिशेब ठेवीनाशी झाली होती. १८०९ मध्ये मर्टन विकलं. १८१० च्या सुरुवातीला आई गेली, जी एजवेअर रोपासून तिच्या आधाराला होती. १८१३ मध्ये सावकारांनी तिला किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत कैदेत घातलं. ट्रफॅल्गारच्या दिवशी नेल्सनच्या अंगात असलेला, खांद्याशी गोळीचं भोक पडलेला कोट तिनं इतकी वर्षं जपला होता. तोही कर्जापायी मदत करणाऱ्या एका नगरपालकाच्या घरी राहिला. १८४५ साली व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यानं, प्रिन्स ॲल्बर्टनं, तो विकत घेतला. आज तो ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात काचेआड आहे.

१८१४ च्या उन्हाळ्यात ती १३ वर्षांच्या होरेशियाला घेऊन खिशात ५० पौंडांनिशी फ्रान्समधल्या कॅलेला पळाली. आजारी, दारूनं पोखरलेली. त्या अखेरच्या महिन्यांत तिची शुश्रूषा पोरीनंच केली, औषध, स्वयंपाक, घेणेकऱ्यांना उत्तरं. मी तुझी आई आहे, हे तिनं होरेशियाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. १५ जानेवारी १८१५ ला ४९ व्या वर्षी ती गेली. तिची कबर पुढे नाहीशी झाली. कॅलेच्या बागेत तिच्या नावाचा दगड उभा राहिला तो थेट १९९४ मध्ये. पहिली मुलगी, ती धाकटी एमा, परदेशात शिक्षिकेचं काम करू लागली होती. तिलाही उघडपणे कधी आईची मुलगी म्हणवून घेता आलं नाही.

होरेशियाला नेल्सनच्या बहिणींनी सांभाळलं. १८२२ मध्ये तिनं फिलिप वॉर्ड या पाद्र्याशी लग्न केलं, तिला दहा मुलं झाली. नेल्सन आपला बाप, हे तिनं अभिमानानं मानलं. एमा आपली आई, हे कधीही मानलं नाही. होरेशियाच्या जन्माची गोष्ट कागदांमधून जुळवली गेली, तरी ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की लेडी हॅमिल्टन माझी आई नव्हे. १८८१ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी ती गेली आणि लंडनजवळच्या पिनर इथं तिला पुरलं. थडग्यावर आधी ती नेल्सनची 'दत्तक कन्या' असं कोरलं होतं. नंतर दगडावरचा तो शब्द बदलून 'लाडकी कन्या' करण्यात आला. आईचं नाव तेव्हाही कोरलं गेलं नाही.